भट्टी जमवताना: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

चार मित्र घरी जमणार, पेटी-तबला निघणार, भेंड्या रंगणार आणि मधल्या वेळात घरीच भाजलेलं काहीतरी खायला असणार. या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांचा रोख असाच आहे. गाणं रंगलं तरी आपण ‘भट्टी जमली’ म्हणतो आणि बिस्किटं नीट भाजली गेली तरी तेच म्हणतो. म्हणून सगळे प्रश्न एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न: कुकरमध्ये रवा केक करते. फुगतो छान, पण बाहेर काढला की मधोमध खड्डा पडतो. कधी तळाला चिकट थरही राहतो. प्रमाण वाटीनेच घेते. (सातारा)

उत्तर: चूक बहुधा वाटीत आणि चमच्यात आहे. आमटीची वाटी कुठे १२० मिलिलिटरची असते, तर कुठे २०० ची. एकाच वाटीने सगळं मोजलं तर रवा, साखर, दूध यांचं आपसातलं प्रमाण टिकतं. पण सोडा आणि बेकिंग पावडर चमच्याने मोजतात. वाटी लहान आणि चमचा भरगच्च असला की सोडा जास्त होतो. असा केक भराभर फुगतो, आतले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि रवा शिजून घट्ट व्हायच्या आतच फुटतात. तोच तो खड्डा.

१५ सेंटिमीटरच्या गोल डब्यासाठी वजनाने हे घ्या: बारीक रवा १८० ग्रॅम, पिठीसाखर १२० ग्रॅम, ताजं दही १२० ग्रॅम, दूध १२० मिलिलिटर, तेल किंवा वितळवलेलं तूप ६० मिलिलिटर, बेकिंग पावडर सपाट १ चमचा आणि सोडा सपाट पाव चमचा. इथे चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा मापाचा चमचा. घरातल्या चहाच्या चमच्याचा भरवसा धरू नका.

पावडर आणि सोडा सोडून बाकी सगळं कालवून अर्धा तास झाका. रवा दूध पितो आणि मिश्रण दाटतं. अर्ध्या तासाने पळीतून ते जाड रिबिनीसारखं पडायला हवं. गोळ्यागोळ्याने पडत असेल तर २-३ चमचे दूध घाला. पाण्यासारखं वाहत असेल तर रवा तळाला बसतो आणि तुम्ही म्हणता तो चिकट थर तयार होतो, अशा वेळी आणखी दहा मिनिटं थांबा. सोडा आणि पावडर अगदी शेवटी चाळून घाला, हलक्या हाताने एकजीव करा आणि लगेच डब्यात ओता. डबा दोन तृतीयांशच भरावा. सोडा दह्यातल्या आंबटपणाशी भेटला की लगेच कामाला लागतो. डबा ओट्यावर तसाच राहिला तर तो जोर तिथेच संपतो. इनो घालणाऱ्यांना तर आणखी घाई करावी लागते, कारण त्यात सोडा आणि आम्ल दोन्ही असतात आणि ओल लागताच फसफसून जातात.

कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढून ठेवायच्या. यात हयगय नको. तळाला दोन सेंटिमीटर वाळूचा थर, त्यावर स्टँड. झाकण लावून मध्यम आचेवर १० मिनिटं तापवा, मग डबा ठेवून आच अगदी मंद करा. पहिली ३० मिनिटं झाकण उघडायचं नाही. एकूण ४० ते ५० मिनिटं लागतात. सुरी मध्यभागी खुपसून पाहा, कडेला नको, कारण कड आधी शिजते आणि फसवते. कोरडा कुकर वारंवार तापवल्याने धातू खराब होतो, तेव्हा रोजच्या भाताचा कुकर यासाठी वापरू नका. जाड बुडाचं जुनं पातेलं आणि घट्ट झाकण असलं तरी काम होतं. ओव्हन असेल तर १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. केक डब्यातच १० मिनिटं निवू द्या आणि मग उलटा करा.

प्रश्न: आमच्या गटात तीन पुरुष आणि चार बायका गातात. पुरुषांच्या पट्टीत बायकांचा आवाज ताणला जातो, बायकांच्या पट्टीत पुरुष खर्जात गुदमरतात. मधली पट्टी काढली तर कुणालाच गाता येत नाही. (ठाणे)

उत्तर: मधली पट्टी हा उपाय नाहीच, हे तुम्ही स्वतःच शोधून काढलंत. पुरुषांचा षड्ज (सा) साधारण पेटीची पहिली किंवा दुसरी काळी पट्टी, म्हणजे काळी एक किंवा काळी दोन असतो, बायकांचा काळी चार-पाचच्या आसपास. यांच्या मधली पट्टी दोघांच्याही सोयीच्या बाहेर पडते.

त्याऐवजी पुरुषांचा मध्यम (म) हा बायकांचा षड्ज धरा. पुरुष काळी एकमध्ये असतील तर त्यांचा शुद्ध मध्यम येतो काळी तीनवर. बायकांनी तोच सा मानून गावं. ध्रुवपद आणि पहिलं कडवं पुरुषांनी काळी एकमध्ये म्हणावं, दुसरं बायकांनी काळी तीनमध्ये. काळी तीन बायकांना काहीशी खाली वाटली आणि गाणं मंद्रात (खालच्या सप्तकात) फार उतरत असलं, तर पुरुषांचा पंचम (प) म्हणजे काळी चार हा सा धरा.

या जोडीचा मोठा फायदा साथीला होतो. तबल्याचा दाया (उजव्या हाताचा) काळी एकमध्ये लावला तर तो पुरुषांच्या षड्जात वाजतो. बायका काळी तीनमध्ये गाऊ लागल्या की तोच सूर त्यांचा पंचम होतो, आणि पंचमातला दाया कानाला मुळीच खटकत नाही. मधेच हातोडी हातात घ्यावी लागत नाही. तानपुरा, मग तो लाकडी असो किंवा मोबाइलमधला, काळी एकचा ठेवा. पण पहिली तार पंचमात न लावता मध्यमात लावा. पुरुषांना ती तार म म्हणून ऐकू येते, बायकांना सा म्हणून. उरलेल्या तीन तारा बायकांच्या पंचमाच्या होतात. एकच तानपुरा दोघांना पुरतो. पेटीवाल्याला मात्र दोन्ही पट्ट्यांत बोटं फिरवायचा सराव हवा. स्केल चेंजर पेटी असेल तर प्रश्नच मिटला.

हेच तत्त्व पुढे नेलं की त्यातून किती सुंदर गोष्ट निघते ते पेटीवर करून पाहा. पुरुषाने अभोगी राग गावा: सा, रे, कोमल ग, म, ध. आता बाईने त्याच्या मध्यमाला सा म्हणून हेच पाच सूर मोजावेत. म झाला सा, ध झाला शुद्ध ग, सा झाला प, रे झाला शुद्ध ध आणि कोमल ग झाला कोमल नि. सा ग प ध नि, म्हणजे कलावती! पेटीच्या पट्ट्या त्याच पाच, फक्त षड्ज बदलला आणि राग बदलला. याला मूर्च्छना म्हणतात. पंडित जसराज यांनी ‘जसरंगी’ नावाने स्त्री-पुरुषांची जी जुगलबंदी रुजवली तिचा पाया हाच आहे. दोघं आपापल्या पट्टीत, आपापल्या रागात गातात आणि कुणाचाही गळा ताणला जात नाही.

सर्वांनी एकसुरात म्हणायचं गाणं असेल तर आधी त्यातली सगळ्यात खालची ओळ आणि सगळ्यात वरची ओळ म्हणून बघा. खालच्या ओळीत नुसता श्वास ऐकू आला तर पट्टी एका सुराने चढवा. वरच्या ओळीला मान वर जायला लागली तर उतरवा. मुखड्यावरून पट्टी ठरवू नका. मुखडा बहुतेक वेळा मध्य सप्तकात आरामात असतो आणि खरी कसोटी अंतऱ्यात लागते.

प्रश्न: भेंड्या खेळताना ‘ळ’ आणि ‘ण’ आले की भांडण होतं. नियम काय? (मडगाव)

उत्तर: मराठीत ळ किंवा ण ने शब्द सुरू होत नाही, पण संपतो मात्र सर्रास: सकाळ, वेळ, क्षण, आठवण. म्हणून ळ आला की ल आणि ण आला की न घ्यायचा. ष ला श. जोडाक्षरात उच्चाराने शेवटी येणारं व्यंजन धरा. ‘रात्र’वरून र. ‘यज्ञ’चा मराठी उच्चार यद्न्य असा होतो, तेव्हा त्यावरून य. काना, वेलांटी, उकार मोजायचे नाहीत, म्हणजे ‘गेली’, ‘गेला’, ‘गेलो’ तिन्हींवरून ल.

खरं भांडण मात्र ‘गाणं कुठे थांबवलं’ यावरून होतं, कारण हुशार खेळाडू मुद्दाम ठ किंवा ढ वर थांबतो. तेव्हा ध्रुवपद पूर्ण म्हणायचं आणि त्याचं शेवटचं अक्षर द्यायचं, हे सुरुवातीलाच ठरवा. न गाणाऱ्या मित्राला पंच करून बसवू नका. तो अर्ध्या तासात मोबाइल काढतो. त्याला गाण्याऐवजी त्याच अक्षराची म्हण किंवा ओवी चालेल अशी सूट द्या.

प्रश्न: नानकटाई भाजताना पसरून पोळीसारखी होते. तूप घरचं, साजूक. उन्हाळ्यात हमखास होतं. (नागपूर)

उत्तर: नागपूरच्या उन्हाळ्यात साजूक तूप डब्यातच पातळ होऊन बसतं, आणि दुखणं तेच आहे. नानकटाईला तूप थिजलेलं, लोण्यासारखं लागतं. थिजलेलं तूप साखरेबरोबर फेटलं की त्यात हवेचे बारीक कण अडकतात. पातळ तुपात ते अडकत नाहीत. ते नुसतं पिठात मुरतं आणि गरम तव्यावर लोणी सुटावं तसं ताटात सुटतं.

प्रमाण असं: तूप १०० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, मैदा १२० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, बेकिंग पावडर पाव चमचा, चिमूटभर मीठ, वेलची. यात साधारण १८ नग होतात. तुपाचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून घोटत राहा. पांढरं, घट्ट, बोटाने खड्डा पडेल असं झालं की साखर घालून ४-५ मिनिटं फेटा. रंग फिकट झाला पाहिजे. पिठं चाळून घाला आणि फक्त गोळा होईपर्यंत एकत्र करा. कणकेसारखं मळलंत तर मैद्याला चिवटपणा येतो आणि खुसखुशीतपणा जातो. गोळे वळून, किंचित दाबून, ताटासकट २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. ही पायरी उन्हाळ्यात गाळायची नाही. भाजायचं १६० अंशांवर, १८ ते २० मिनिटं.

साखर दाणेदार असली तरी नानकटाई पसरते, कारण दाणा भट्टीत विरघळतो आणि पाक होऊन वाहू लागतो. बेसन रंग आणि खमंगपणासाठी, रवा दाताखाली येण्यासाठी. दोन्ही वगळता येतात, पण मग त्या जागी तितकाच मैदा वाढवा. गोळे वळताना फुटत असतील तर एखादा चमचा दूध घाला, त्याहून जास्त नको. भट्टीतून काढताना नानकटाई मऊच लागते. कच्ची राहिली असं समजून पुन्हा आत ढकलू नका, ती निवताना कडक होते. खालची बाजू सोनेरी झाली म्हणजे झाली. पावसाळ्यात डब्यात मऊ पडली तर १५० अंशांवर ५ मिनिटं ठेवून पूर्ण गार करा आणि मगच डबा बंद करा.

प्रश्न: भजनी मंडळात नुकताच पखवाज वाजवायला घेतला आहे. डाव्या बाजूच्या कातड्याला लावायची कणीक कधी सुटून पडते, कधी आवाजच बसतो. ती कशी मळावी आणि किती लावावी? (पंढरपूर)

उत्तर: या सदरात मळायचा प्रश्न पखवाजवाल्याकडून आला याचा आम्हाला मनापासून आनंद झाला.

गव्हाचं पीठ आणि पाणी, बस. मीठ नको, तेल तर अजिबात नको. तेलाने कणीक कातड्याला धरत नाही आणि पुडी (वाद्यावर ताणलेलं कातडं) खराब होते. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, बोटाला किंचित चिकटेल इतकी मळा आणि ओल्या फडक्याखाली १५ मिनिटं ठेवा. पीठ पाणी शोषून घेतं आणि चिकटपणा सारखा येतो. ताजी मळलेली कणीक लगेच लावली की तासाभरात सुटते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

डाव्या पुडीचा मधला भाग ओल्या बोटांनी पुसून घ्या. लिंबाएवढ्या गोळ्यापासून सुरुवात करा. मधोमध ठेवून तळहाताने गोल पसरवा. मध्ये जाड, कडेला पातळ, आणि कड पुडीला अंगठ्याने नीट चिकटवलेली. आता थाप देऊन ऐका. आवाज वर, पोकळ लागला तर सुपारीएवढी कणीक वाढवा. खाली बसलेला, दबलेला लागला तर कड तशीच ठेवून मधली थोडी खरवडून काढा. कणीक जितकी जास्त तितका सूर खाली जातो, कारण जड झालेलं कातडं सावकाश थरथरतं. वाजवता वाजवता कणीक वाळते, हलकी होते आणि आवाज चढायला लागतो. तेव्हा बोट ओलं करून वरून फिरवा, पाणी ओतू नका. जवळ ओल्या फडक्यात थोडी कणीक राखून ठेवा.

भजन संपलं की कणीक लगेच काढायची आणि पुडी ओलसर फडक्याने पुसून कोरडी करायची. रात्रभर तशीच राहिली तर वाळून कातडं ओढते आणि उंदीर-झुरळांना आमंत्रण मिळतं.

प्रश्न: आमचा एक मित्र मनापासून टाळी देतो, पण नेहमी भलतीकडे. त्याला न दुखवता कसं सुधारावं? (इंदूर)

उत्तर: तो ताल चुकत नाही, समेची (तालाच्या पहिल्या मात्रेची) जागा चुकतो. बहुतेक गाण्यांचा मुखडा समेच्या आधीच उठतो, आणि तुमचा मित्र गाण्याच्या पहिल्या शब्दावर टाळी देतो. शब्द सोडून त्याला बाया (डग्गा) ऐकायला सांगा. केरव्यात ८ मात्रा असतात: धा गे ना ती, न क धी न. पहिल्या मात्रेवर टाळी, पाचवीवर ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात उघडा. दादऱ्यात ६ मात्रा, पहिलीवर टाळी आणि चौथीवर खाली. समेच्या धा ला बायाचा घुमारा येतो, खालीच्या जवळ तो बंद होतो. हा फरक एकदा कानाला कळला की माणूस शब्दांवर टाळी देणं सोडतो. रूपक आत्ताच देऊ नका. त्यात ७ मात्रा असतात आणि समेवरच खाली येते, त्यामुळे नवखा माणूस गोंधळतो.

दहा जण मिळून प्रत्येक मात्रेवर टाळ्या देऊ लागले की लय हमखास धावते. प्रत्येक जण ऐकलेल्या टाळीच्या किंचित पुढे जातो आणि ती घाई एकातून दुसऱ्यात जाते. आठ मात्रांत एकच टाळी असा नियम सगळ्यांनाच लावा. मित्राला वेगळं काही सांगावंही लागणार नाही.

प्रश्न: ‘रामाला भाला मारा’ सारखी उलटसुलट वाक्यं आपल्याला करता येतील का? आणि श्लेष कधी जमतो, कधी का फसतो? (बडोदा)

उत्तर: येतील, आणि सुरुवात मधून करायची, टोकाकडून नाही. मराठीत विलोमपद अक्षराअक्षराने उलटतं, म्हणजे कान्यामात्रेसकट पूर्ण अक्षर हलतं. आधी स्वतःच उलटसुलट सारखे असणारे तीन अक्षरी शब्द जमवा: कडक, नमन, नयन, कनक, समास. स्वयंपाकघरातला डालडा आहे, पेटीवरचा मध्यम आहे. मग उलटल्यावर दुसरा शब्द होणाऱ्या जोड्या जमवा: सदा-दास, रवा-वार, नदी-दीन, नव-वन, रस-सर. आता जोडी दोन टोकांना आणि तीन अक्षरी शब्द मध्ये. ‘सदा कडक दास’ झालं. ‘सदा नमन, दास’ तर पत्राच्या शेवटी लिहिता येईल असं झालं. शेवटून वाचा: स, दा, न, म, न, दा, स. ह्रस्व-दीर्घाची सवलत कितपत घ्यायची हे आधी ठरवा. ‘चिमा काय कामाची’मध्ये पहिली चि ह्रस्व आणि शेवटची ची दीर्घ आहे. म्हणताना फारसं जाणवत नाही, लिहिल्यावर लगेच दिसतं. आमच्या मते तोंडी खेळात चालावं, छापताना नाही.

श्लेष फसतो तो बहुधा क्रियापदामुळे. ‘राग’ शब्दाला दोन अर्थ आहेत, पण ‘राग आळवला’ म्हटलं की गाण्याचाच राहतो आणि ‘राग गिळला’ म्हटलं की रुसव्याचाच. दोन्ही अर्थ जिवंत ठेवायचे तर दोघांना लागू पडणारं क्रियापद हवं: ‘तिचा राग ओळखायला मला अर्धा तास लागला.’ इथे ऐकणारा क्षणभर दोन्हीकडे बघतो. ‘मात्रा’ असाच गुणी शब्द आहे. तबल्यावर मात्रा, अक्षरावर मात्रा, वैद्यांच्या खलात मात्रा. ‘मात्रा चुकली’ हे तिन्ही ठिकाणी तंतोतंत बसतं, म्हणून त्यावरचा श्लेष सहज जमतो. शब्द न मोडता दोन अर्थ निघाले तर तो अभंग श्लेष, मोडून निघाले तर सभंग. ‘वाढदिवस’ मोडून ‘वाढ, दिवस आहे!’ केलं की पानावर बसलेला मित्र यजमानाला हक्काने दटावू शकतो.

प्रश्न: खाणं आणि तबला एकाच सतरंजीवर. तुपकट हात चुकून पुडीला लागला तर? (अकोला)

उत्तर: पाणी किंवा साबण लावू नका. कोरड्या सुती फडक्याने टिपा, घासू नका. मग टाल्कम पावडर भुरभुरून पाच मिनिटांनी अलगद झटका. शाईवर, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलावर, लागलं असेल तर जास्त सांभाळा. ती थरांनी घोटून चढवलेली असते, तूप थरांत शिरलं की खपल्या निघायला लागतात. नानकटाई दोन बैठकांच्या मध्ये द्या. तिचा भुगा गाणाऱ्याच्या घशातही अडकतो.

प्रश्न: मैत्रिणीच्या केकवर मराठीत लिहायचं आहे. इंग्रजी अक्षरं जमतात, देवनागरीचा मात्र चिखल होतो. (बेळगाव)

उत्तर: देवनागरी अक्षराला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते, तिथेच गणित चुकतं. १५ सेंटिमीटरच्या केकवर कडेची जागा सोडून साधारण १२ सेंटिमीटर उरतात. दीड सेंटिमीटर रुंदीचं अक्षर धरलं तर एका ओळीत सात-आठ अक्षरं. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ ही बारा अक्षरं आहेत, एका ओळीत बसणार नाहीत. ‘शतायुषी हो’ पाच अक्षरांत काम करतं. अक्षराची उंची दीड सेंटिमीटर ठेवलीत तर वर वेलांटी-मात्रेला एक सेंटिमीटर आणि खाली उकाराला पाऊण सेंटिमीटर मोकळा सोडा.

५० ग्रॅम गडद चॉकलेट गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, अर्धा चमचा तेल घाला आणि ३-४ मिनिटं निवू द्या. गरम असताना ते शाईसारखं पसरतं, चिखल तिथूनच होतो. बटर पेपरच्या कोनाचं टोक २ मिलिमीटर कापा. केकवर आधी टूथपिकने अक्षरं हलकेच कोरून घ्या.

लिहिताना टोक केकवर घासायचं नाही. सुरुवातीला टेकवायचं, एक सेंटिमीटर उचलायचं आणि धार पडू द्यायची. हात पुढे, धार मागे. वळण संपताना दाब सोडून पुन्हा टेकवायचं. आधी सगळी अक्षरांची अंगं आणि काने, मग शिरोरेषा शब्दभर एकाच झटक्यात, आणि शेवटी वेलांटी, मात्रा, अनुस्वार. शिरोरेषा आधी ओढली तर अक्षरं तिला लटकून वाकडी होतात. ती प्रत्येक अक्षराला तुकड्यातुकड्याने दिली तर वरच्या बाजूला गाठी येतात.

श्र, क्ष, ज्ञ, द्ध यांची बंद वळणं भरून जातात. तिथे अक्षर एक सूतभर मोठं काढा, किंवा द्ध ऐवजी पाय मोडून द्‌ध लिहा. ‘शुभेच्छा’ लिहिणारच असाल तर च्छ मधला च विसरू नका. घाईत तोच सुटतो आणि फोटोत कायमचा राहतो.

चुकलंच तर ओलं असताना पुसायला जाऊ नका. केक १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. चॉकलेट कडक झालं की सुरीच्या टोकाने तेवढं अक्षर अखंड उचलून निघतं, खालच्या क्रीमवर फक्त खूण राहते. ती चमच्याच्या पाठीने सारखी करा आणि त्याच जागी पुन्हा लिहा.